मैदानावर बसलेल्या वन्सं

आमच्या तेजलला खो-खोच्या संघाची कॅप्टन केलंय, आणि तिला तेवढंच पुरतं. तिच्या संघातली अर्शिया मुजावर खांबावर झेपावताना पडली, गुडघ्याचं ऑपरेशन झालं. पोर कुबड्या घेऊन घरातल्या घरात फिरते. आमच्या कॅप्टनबाईंनी काय केलं, तर बापाच्या गाडीवरून द्राक्षांची पेटी धाडली. स्वतः गेली नाही. म्हणे, "आज्जी, जाऊन बोलू काय? मला बघून तिला आणखी वाईट वाटेल." आता अर्शियाचा निरोप आलाय, खेळाचा ड्रेस घेऊन जा, मी खेळ सोडला. त्यावर आमची बया दार लावून रडत बसलीय. रडायला काय अक्कल लागते?

जेवून मी सोप्यात चटई टाकून आडवी होते. पंखा गरगरतोय. डोळे मिटतात न मिटतात तोच पायाशी कुणीतरी बसतं. बसण्याच्या वजनावरून ओळखते. वन्सं. माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. कंबर मोडून माझ्याच घरात अंथरुणाला खिळल्या होत्या, इथंच गेल्या.

"अनसे, घोरतेस."

"वन्सं, मेल्यावर तरी खोड्या काढायचं सोडा."

"मेल्यावर दुसरं काम काय असतंय?"

मी चहा ठेवायला उठते, तर चुलीच्या जागी शाळेचं मैदान आहे. फक्कीनं चौकोन आखलेत. एका चौकोनात माझी परात, एकात पाटा-वरवंटा, आणि मधल्या चौकोनात वन्सं, कमरेला उशी लावून. मला त्याचं नवल वाटत नाही.

"एवढ्या उन्हात तुम्हाला बसवलं कुणी?"

"बसवायचं काय त्यात? जागा माझीच आहे."

त्यांच्या मांडीवर मेथीची जुडी आहे. मीही टेकते. दोघी निवडायला लागतो.

"मी पडून होते तेव्हा सगळा गाव यायचा," वन्सं म्हणतात. "केळी आणायचे. आक्का, आता आराम करा म्हणायचे. एकेका केळ्यागणिक मी थोडी थोडी मरत होते."

"आणि मी?"

"तू सटवी. उशी लावून मला बसती केलीस आणि मेथी मांडीवर आदळलीस. म्हणालीस, शेताला जायचंय, स्वयंपाक अडलाय."

"अडलाच होता. खोटं नाही बोलले मी."

"तेच सांगतेय. खोटं असतं तर मला कळलं असतं. तुला भरपूर शिव्या दिल्या आणि त्या रात्री पोटभर जेवले."

वाऱ्यानं फक्की उडते. पलीकडे एक पोरगी धावत येते, खांबाला हात घालते, हात निसटतो. परत येते. परत निसटतो.

"ही कोण?" वन्सं विचारतात.

"अर्शियाच्या जागी घेतलेली."

"हिला खांब धरायला शिकवत नाही का कुणी?"

"शिकवणार कोण? ते त्या एकट्या अर्शियालाच येत होतं."

जुडी संपते. वन्सं पदर झटकत विचारतात, "मग, द्राक्षं गोड होती का?"

तेवढ्यात पंखा थांबतो. लाइट गेलीय. मी सोप्यात आहे, मानेला घाम. उजव्या अंगठ्याचं नख हिरवं झालंय, त्याला मेथीचा कडवट वास. घरात या आठवड्यात पालेभाजीचं पानसुद्धा आलेलं नाही.

हात न धुता मी तेजलचं दार ठोठावते. ती उघडते. डोळे सुजलेले.

"ऐक. तिला बरं वाटावं म्हणून काय बोलायचं ते तू शोधत बसलीस. तसलं काही नसतंच. तुझ्या नव्या पोरीला खांब धरता येत नाही आणि तो शिकवणारी एकच आहे. रिक्षा कर, खुर्ची ने, तिला मैदानावर बसव, आणि ती ओरडेल ते ऐक. कीव करायला जाऊ नकोस, तुझं अडलंय म्हणून जा. आणि तेवढंही जमत नसेल, तर परत द्यायचा ड्रेस तिचा नाही, तुझा आहे."