नुसता निळा

माझी आत्या एकतीस वर्षं नवजात बाळांच्या खोलीत सिस्टर आहे आणि त्यातली निदान वीस वर्षं ती कुणावर ना कुणावर चिडलेली आहे. साफसफाईची माणसं पाठीमागे तिला तोफ म्हणतात. तिला ते ठाऊक आहे. तोफ म्हणा, पण फरशी कोरडी ठेवा, असं तिने एकाला तोंडावर सांगितलं होतं.

तिच्या रागाला कारण मात्र असतं. एकदा रंगारी भिंतींसाठी पिवळा रंग घेऊन आला, तर तिने त्याला डब्यासकट जिन्यापर्यंत परत पोचवलं. पिवळ्या भिंतीशेजारी सगळीच बाळं पिवळी दिसतात, आणि या खोलीत नेमकं कोण पिवळं आहे तेच तर बघायचं असतं. पुष्कळ बाळांना जन्मानंतर दोन-तीन दिवसांत कावीळ होते. बहुतेकांची आपोआप उतरते. ज्यांची चढत जाते त्यांना डोळ्यांवर पट्टी बांधून निळ्या दिव्यांखाली ठेवतात. त्या प्रकाशाने कातडीतलं पिवळं द्रव्य बदलतं आणि शरीराबाहेर पडतं. औषध नाही, सुई नाही, फक्त प्रकाश. मात्र निळ्यातला एक ठरावीक पट्टाच हे काम करतो आणि तोही भरपूर लागतो. डोळ्याला निळं दिसलं म्हणजे झालं, असं नाही.

हे मला कॉलेजात शिकवलं होतं. मी त्याच हॉस्पिटलात यंत्रं दुरुस्त करतो. नोकरीची जाहिरात आत्यानेच दाखवली होती.

खोलीत असे तीन दिवे होते. नळ्या जुन्या झाल्यात, बदला, म्हणून आत्या चार महिने स्टोअरकीपरच्या मागे लागली होती. शेवटी त्याने खोकं पाठवलं. तेच माप, तोच होल्डर, तेवढेच वॅट. मी दोन दिव्यांच्या नळ्या बदलल्या. तिसऱ्याचा होल्डर गंजला होता, म्हणून तो तसाच राहिला. नवे दिवे लावले तर खोली अशी गडद निळी झाली की मीच खूश झालो. आत्याला म्हटलं, बघ, आता कसा निळा दिसतोय. तीही बरं वाटून हसली. त्या हसण्याबद्दल तिने नंतर स्वतःलाही माफ केलं नाही.

दुसऱ्या दिवशी एका शिंपिणीचं बाळ आलं, चार दिवसांचं. आत्याने त्याला मुद्दाम नव्या दिव्याखाली ठेवलं. जास्त आजारी बाळाला चांगला दिवा, हा तिचा नियम. रक्तातल्या पिवळ्या द्रव्याचा आकडा सतरा होता. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेअठरा. वीसच्या पुढे गेला तर बाळाचं सगळं रक्त बदलावं लागलं असतं, कारण ते पिवळं द्रव्य मेंदूत उतरलं की परत फिरत नाही.

तरुण डॉक्टरांनी आईला विचारलं, दूध येतं का पुरेसं? ती म्हणाली, येतं. त्यांनी मोठ्याने म्हणत कागदावर लिहिलं, आईचं दूध अपुरं. दाराशी उभ्या असलेल्या सासूने ते ऐकलं, आणि अंगावरचं दूधही धड नाही हिला, असं सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या हळू म्हणाली. शिंपीण भिंतीकडे तोंड करून बसली.

आत्याने दिवा बंद केला. निळ्या उजेडात कावीळ दिसत नाही, म्हणून ती दर पाळीला बाळाला खिडकीशी नेते आणि अंगठ्याने आधी कपाळ दाबते, मग छाती, मग नडगी. अंगठा उचलला की क्षणभर खालच्या कातडीचा खरा रंग दिसतो. काल पिवळेपणा बेंबीपर्यंत होता, आज गुडघ्यापर्यंत पसरला होता. मग तिने लंगोट तपासले. रात्रीपासून पाच ओले. दूध पोटात जात नसतं तर हे कुठून आले असते? शेजारी, तिसऱ्या जुन्या दिव्याखाली एक हडकुळं बाळ होतं. त्याची कावीळ मात्र उतरत होती. आत्याने दोन्ही बाळांची अदलाबदल केली आणि मला बोलावून घेतलं.

"इंजिनियरसाहेब, प्रकाश मोजायचं यंत्र असतं ना तुमच्याकडे?"

होतं. माझ्याच कपाटात, खोक्यातून बाहेरही न काढलेलं. मी ते आणलं. जुन्या दिव्याखाली आकडा तीसच्या जवळ आला, नव्याखाली पाच. दुसऱ्या नव्याखालीही पाच. मी नळी काढून वाचलं. दुकानं आणि हॉटेलं सजवायला लावतात त्यातली ती होती. काच निळी, रंग निळा, कामाचा प्रकाश जवळजवळ नाही. स्टोअरकीपरने यादीत 'निळी नळी' एवढंच वाचलं होतं. आणि मी तेवढंही वाचलं नव्हतं.

आत्याने आवाज चढवला नाही. म्हणाली, "त्याला काय, तो खिळे आणि नळ्या एकाच कपाटात ठेवतो. तुला तर शिकवलं होतं. पाच मिनिटं लागली असती रे तुला."

मी चुकलो म्हणालो. ती म्हणाली, "मला कशाला सांगतोस? माझ्या दुधाला कुणी नावं ठेवली नाहीत."

त्या दुपारी मी गावभर हिंडून दोन्ही दिव्यांच्या योग्य नळ्या आणल्या, मोजून बसवल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी शिंपिणीच्या बाळाचा आकडा सोळावर आला. डॉक्टर फेरीवर आले तेव्हा आत्याने मला शिंपिणीच्या खाटेसमोर उभं केलं. सासूला बाहेर जाऊ दिलं नाही. मी सांगितलं, दिवा चुकीचा होता, बसवला मी, मोजला नाही मी. मान खाली होती, पण सगळं सांगितलं.

शिंपिणीने माझ्याकडे पाहिलंही नाही. तिने आत्याला विचारलं, "म्हणजे माझं दूध पुरत होतं?"

"पुरत होतं. पाच लंगोट ओले होते."

ती रडेल असं मला वाटलं होतं. ती सासूकडे वळली आणि म्हणाली, "ऐकलंत?"

सासू पिशवीत काहीतरी शोधू लागली. आत्याने खाटेचा कागद काढला आणि खिशातलं पेन डॉक्टरांपुढे धरलं. ते म्हणाले, आता बाळ बरं आहे, सिस्टर, राहू द्या ना. आत्याने पेन तसंच धरून ठेवलं. बाळाने भूक लागल्याचा सूर धरला, शिंपिणीने त्याला पदराखाली घेतलं, आणि डॉक्टरांनी ती ओळ खोडून खाली सही केली.