पूजेच्या गाडीला बूट

दसऱ्याला पूजा झालेल्या गाडीला अनवाणी पायानेच किक मारायची, हा आमच्या घरचा नियम. नियम मूर्खपणाचा आहे, हे आधीच सांगून टाकते. हळदीकुंकू वाहिलेल्या गाडीला चपलेची लाथ कशी मारायची, असा तो विचार. लाथ मारलेली चालते, चप्पल चालत नाही.

गाडी म्हणजे वडिलांची, आप्पांची मोटरसायकल, माझ्या वयापेक्षा जुनी. बटण नाही, नुसती किक. आप्पा पिंपरीच्या कंपनीतून निवृत्त झाले तेव्हापासून त्यांचा सगळा जीव तिच्यात. दिघीच्या घराच्या अंगणात रोज सकाळी तिला पुसायचं आणि येणाऱ्याजाणाऱ्याला तिचं कौतुक ऐकवायचं. मला मात्र तिच्यावर कधी बसू दिलं नाही. "बायामाणसांची गाडी न्हाई ती," एवढंच उत्तर. मी चाकणला एका कंपनीत क्वालिटीला आहे, दिवसभर इंजिनचेच पार्ट तपासते. त्याचं त्यांना काही नव्हतं.

मागच्या दसऱ्याला पूजेआधी हार मी घातला, कारण आप्पांना वाकवत नव्हतं. मग त्यांनी चपला बाजूला काढल्या, गाडीला उभ्यानेच हात जोडले आणि अनवाणी पायाने किक मारली. किक खाली गेली नाही, उलटी आली. आप्पा ओरडले आणि फरशीवर बसले. पाय बघूनच मला कळलं की नडगीचं हाड गेलं.

हॉस्पिटलात ऑपरेशन चालू असताना आत्याने मला बाकड्यावर शेजारी बसवलं आणि कानाशी येऊन विचारलं, "हार घातलास तवा तुझी पाळी व्हती का गं?"

मी हो म्हणाले. खोटं बोलण्यासारखं काही होतं असं मला तेव्हा वाटलं नाही, आजही वाटत नाही. आत्याने तोंडाला पदर लावला. आप्पा शुद्धीवर आल्यावर त्यांना पहिली बातमी तीच मिळाली. दुसऱ्या दिवशी मी डबा घेऊन गेले, तर पायात रॉड घातलेला तो माणूस माझ्याकडे बघून म्हणाला, "तू शिवलीस म्हणून गाडीनं लाथ मारली."

पुढे वर्षभर मी हेच ऐकलं. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला चहासोबत ही गोष्ट मिळायची आणि चहा मीच करून द्यायची. पोरीचं लग्न का ठरत नाही, याचंही कारण आत्याला त्यातच सापडलं. चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय! आई ओट्याशी उभी राहून सगळं ऐकायची. ती एक शब्द बोलायची नाही, याचा मला आप्पांपेक्षा जास्त राग यायचा.

श्रावणात आप्पांनी जाहीर केलं की यंदा दसऱ्याला किक तेच मारणार, अनवाणीच, आणि त्या दिवशी मी घराबाहेर पाय ठेवायचा नाही. डॉक्टरांनी आधीच बजावलं होतं, या पायाला पुन्हा मार बसला तर चालणं विसरा. आप्पा म्हणाले, "डागदरला काय कळतंय?" मला दोन गोष्टी दिसत होत्या. गाडी सुरू झाली तर मी अवदसा आहे हे कायमचं सिद्ध होणार. नाही झाली तर पाय जाणार, आणि त्याचंही खापर माझ्याच डोक्यावर फुटणार.

आप्पा तपासणीला गेले त्या दिवशी मी गाडी टेम्पोत घातली आणि कासारवाडीला एका म्हाताऱ्या मिस्त्रींकडे नेली. सगळे त्यांना चाचा म्हणतात. फाटक्या तोंडाचा माणूस. गाडीकडे बघण्याआधी त्यांनी माझ्या पायाकडे बघितलं.

"चप्पल पहनके किक मारने आयी? चल, घरी जा."

दुसऱ्या दिवशी सुट्टी टाकून कंपनीचे सेफ्टी शूज घालून गेले. तोवर त्यांनी गाडी उघडली होती. "टायमिंग किसने किया?" त्यांनी विचारलं. दसऱ्याच्या आधी आप्पांनीच केलं होतं, गाडीला जोर यावा म्हणून. चाचा हसले नाहीत, चिडले. ठिणगी वेळेच्या फार आधी पडत होती. पिस्टन वर पोचायच्या आतच स्फोट व्हायचा, पिस्टन मागे ढकलला जायचा आणि तो सगळा दणका किकमधून पायात. "त्यांना सांग, पेपर वाचा म्हणावं. गाडीला हात लावू नका."

म्हणजे ज्या लाथेचा दोष वर्षभर माझ्या अंगाला चिकटवला, ती आप्पांनी स्वतःच्या हाताने तयार करून ठेवली होती! मी घरी येऊन सांगितलं. आप्पा गाडी न विचारता नेल्याबद्दल पुन्हा तासभर ओरडले आणि टायमिंगचं म्हणणं त्यांनी ऐकलंच नाही. पालथ्या घड्यावर पाणी.

चाचांनी टायमिंग नीट लावलं, पण गाडी मी त्यांच्याकडेच ठेवली. रोज शिफ्टवरून येताना कासारवाडीला उतरून त्यांच्या शिव्या खाल्ल्या आणि आधी किक, मग गाडी चालवणं शिकले. किकशी ताकदीचं काही नातं नाही, हे ते दर वेळी ओरडून सांगायचे. दसऱ्याच्या आठवड्यात गाडी घरी आणली आणि किल्ली माझ्याकडेच ठेवली.

दसऱ्याच्या सकाळी आप्पांनी आईला विचारलं, "पोरीचं काय?" आई म्हणाली, "अजून आठ दिस हायती." तेव्हा मला बाहेर यायची परवानगी मिळाली. पूजेच्या वेळी खाली वाकायला कुणीतरी लागणारच होतं. आईने ताट माझ्या हातात दिलं. मी हार घातला, हळदीकुंकू वाहिलं, चाकाखाली लिंबू ठेवलं. आप्पांनी काठी आत्याकडे दिली, चपला काढल्या आणि हात पुढे केला.

"किल्ली आण."

"मी मारते."

"बूट घालून?" त्यांना माझ्या पायातले सेफ्टी शूज तेव्हा दिसले. "पूजेच्या गाडीला बूट? काढ आधी!"

"नाही काढत. तुमचा पाय कुणी मोडला ते बघा आता."

ते काठी मागत होते, बहुधा मलाच मारायला. मी गाडी मधल्या स्टँडवर घेतली, पेट्रोलचा कॉक उघडला, किल्ली फिरवली. किक पायाने सावकाश दाबत नेली, ती एका जागी घट्ट झाली. हेडलाइटवरचा अँपिअरचा काटा मध्यावर आला, म्हणजे पिस्टन वर पोचला. हँडलजवळची इंजिनातला दाब सोडायची छोटी दांडी दाबली, किक बोटभर पुढे ढकलली, दांडी सोडली आणि किक पूर्ण वर येऊ दिली. अॅक्सिलरेटरला हात नाही. बुटाचा मधला भाग किकवर, गुडघा किंचित वाकलेला. गुडघा ताठ ठेवला आणि किक उलटली तर तो निकामी होतो. मग झटका न देता सगळं वजन टाकून एकच लांब किक, पार तळापर्यंत.

गाडी सुरू झाली. अंगण दणदणलं. मला मोठ्याने हसावंसं वाटत होतं.

आत्याने गाडीला हात जोडले. "बघ, यंदा समदं सोवळ्यात झालं."

"म्हणूनच एका किकीत सुरू झाली," आप्पा म्हणाले. बूट लगेच माफ झाले होते. चेहऱ्यावर नुसतं समाधान.

मी इंजिनच्या आवाजावर आवाज चढवला. "आप्पा, मला काल रात्री पाळी आली. आज दुसरा दिवस."

आप्पांनी आईकडे बघितलं. "तुला ठाव व्हतं?"

"व्हय," आई म्हणाली. "रातीच ठाव व्हतं. म्हनून तर ताट तिच्या हातात दिलं."

माझ्या आईला मी त्याआधी नवऱ्यासमोर असं बोलताना ऐकलं नव्हतं. माझा वर्षभराचा तिच्यावरचा राग तिथेच उतरला.

"बंद कर ती," आप्पा मला म्हणाले.

"तुम्हीच करा. किल्ली तिथेच आहे."

ते लंगडत पुढे आले. हात किल्लीकडे गेला आणि वीतभर अलीकडे थांबला. गाडीला मी शिवले होते. त्यांनी हात मागे घेतला, चपला घातल्या आणि ते घरात गेले. आत्या काठी घेऊन त्यांच्यामागे गेली.

त्याच संध्याकाळी त्यांनी गोमूत्र शिंपडून गाडी शुद्ध करून घेतली. दुसऱ्या दिवशी मी तीच काढून चाकणला कामावर गेले आणि आता रोज जाते. महिन्याचे चार दिवसही चुकत नाहीत, त्यामुळे त्यांना पुन्हा तिला शिवता आलेलं नाही. हात लावत नाहीत, पाय तर लांबच. पायातला रॉड जागेवर आहे आणि ते काठीशिवाय दुकानापर्यंत चालत जातात.

एकदा मी तोंडावर म्हणाले, "आप्पा, माझ्या विटाळानंच तुमचा पाय वाचवला."

त्यांनी पेपर वर धरला. आतून आई मोठ्याने हसली.