कुलूपवाल्याची तिसरी किल्ली

बाजारातल्या कुलूपवाल्याला अख्खी गल्ली शंकासुर म्हणायची, आणि खोटं कशाला बोला, त्यात गल्लीची काही चूक नव्हती. दुकान बंद केलं की हा कुलपाला झटका मारून बघायचा, चार पावलं जायचा, परत येऊन पुन्हा झटका. दूधवाला "ताजं आहे" म्हणाला की याला वाटायचं, मी विचारलं नाही, मग हा आपणहून का सांगतोय? बायको म्हणायची, "अहो, तुम्ही आरशात बघताना स्वतःलाही विचाराल, कोण रे तू म्हणून!" धंद्यानंच त्याला तसं केलं होतं म्हणा. जन्मभर त्याच्यापुढे येऊन लोक रडले ते चोरीचंच. भरवसा ठेवून सुखी झालेला माणूस कुलूपवाल्याकडे कशाला येईल?

बाकीच्यांचं जाऊ द्या हो, पण पोटच्या पोरीवर संशय? एकुलती एक लेक. शाळेत होती तेव्हा तिचं दप्तर तपासायचा. कॉलेजात गेली तेव्हा फाटकासमोरच्या झाडाआड उभा राहायचा. आणि झाड बारीक, हा जाड! मैत्रिणी हसून लोळायच्या, लेक शरमेनं लाल व्हायची. पुढे मोठ्या शहरातल्या राष्ट्रीय कलादालनात तिला नोकरी लागली, तिनं तिकडेच खोली घेतली. निघताना स्वच्छ सांगून गेली, "बाबा, पुन्हा माझ्या मागावर आलात ना, तर या घरात मी पाऊल टाकणार नाही." पोरगी हट्टाला बापावर गेलेली. बोलली म्हणजे बोलली.

शंकासुरानं कान पकडले. कान पकडले आणि तिला पोचवायला गेला तेव्हा तिच्या खोलीच्या दाराला स्वतःच्या हातानं नवं कुलूप बसवून दिलं. दोन किल्ल्या लेकीला दिल्या. तिसरी आपल्या खिशात टाकली. या तिसरीबद्दल त्यानं बायकोलाही ताकास तूर लागू दिली नाही.

आता गप्प बसेल तर तो शंकासुर कसला? थोडे दिवस कळ काढली आणि मग "माल आणायला जातो" अशी थाप मारून त्यानं शहर गाठलं. लेक कामावर गेलेली. किल्ली घातली तर कुलूप जरा अडखळलं. स्वतः बसवलेलं कुलूप अडखळतं म्हणजे काय! त्यानं खिशातली पेन्सिल काढली, शिसं किल्लीच्या दातांवर घासलं, किल्ली आतबाहेर फिरवली आणि कुलूप कसं लोण्यासारखं केलं. आत सगळं नीटनेटकं. पलंग, पुस्तकं, खिडकीत वाळत घातलेला टॉवेल. आणि मग मोरीत दिसले दोन कप.

एकटी पोरगी, आणि उष्टे कप दोन!

त्या दिवसापासून त्याची झोप उडाली. बायकोला सांगावं तर आपलीच चोरी उघडी पडते. आणि संशय काय एकटा येतो होय? ती नोकरी तरी खरी कशावरून? म्हणे, "मी लोकांना चित्रं दाखवते." अरे, चित्रं भिंतीवर टांगलेली, लोकांना देवानं डोळे दिलेले, मग दाखवायला मध्ये माणूस कशाला? आणि त्याचा पगार कोण देतं? नक्की कुठंतरी पाणी मुरतंय. शेवटी एका सकाळी हा पुन्हा "माल आणायला" निघाला, तो थेट कलादालनाच्या दारात.

दारातच सांगितलं, पिशव्या इथल्या खणात ठेवायच्या, खणाची किल्ली जवळ बाळगायची. शंकासुरानं खणाचं कुलूप बघितलं आणि कपाळावर हात मारला. हे कुलूप? हे तर फुंकर मारली तरी उघडेल! पिशवी ठेवली त्यानं, पण हत्यारांची गुंडाळी हळूच काढून कोटाच्या आतल्या खिशात सरकवली. कानस, पक्कड, बारीक हूक. पोटाची साधनं असल्या कुलपाच्या हवाली कोण करेल?

आत उंच दालनं, चकचकीत फरशी, आणि बोलायचं तर कुजबुजत. शंकासुरानं एकाही चित्राकडे धड बघितलं नाही. तो दारांचे बोल्ट बघत होता, बिजागऱ्या बघत होता. लेक कुठं दिसते का ते बघत होता. एका राणीच्या चित्राची चौकट भिंतीला कशानं अडकवलीय म्हणून त्यानं वाकून मागेही डोकावून घेतलं. आता असा माणूस पहारेकरणीच्या नजरेत भरणार नाही तर काय! निळ्या गणवेशातली ती बाई त्याच्या मागे लागली. हा थांबला की ती थांबायची, हा वळला की ती छताकडे बघायची. ही बया माझ्यावर पाळत का ठेवतेय, म्हणून तो असा तडकला म्हणता! जन्मभर दुसऱ्यांवर पाळत ठेवलेल्या माणसाला स्वतःवरची अर्ध्या तासाची सोसवेना.

तेवढ्यात पलीकडच्या दालनातून आवाज आला. लेकीचाच. शंकासुर दगडी पुतळ्यामागे सरकला.

शाळेतली पोरं फरशीवर मांडी घालून बसली होती आणि लेक एका मोठ्या चित्राजवळ उभी होती. चित्रात एक खोली. खिडकीशी एक मुलगी शिवत बसलेली. मागचं दार किलकिलं, आणि फटीत एका पुरुषाचा बूट आणि अर्धा चेहरा.

"हा दाराआड कोण असेल?" लेकीनं विचारलं.

"चोर!" पोरं ओरडली. एक म्हणाला, "पोलीस!"

"मला वाटतं, तिचा बाप आहे," लेक म्हणाली.

"मग तो आत का येत नाही? दार तर उघडंच आहे," एका चिमुरडीनं विचारलं.

"भितो. तिचं काही बरंवाईट होईल म्हणून इतका भितो, की दार वाजवायचं असतं हेच विसरलाय."

"तिला माहितेय का, तो तिथं आहे?"

"तिचा हात बघ. सुई मध्येच थांबलीय. तिला माहितेय. ती वाट बघतेय, बाबा कधी हाक मारतील याची."

शंकासुराच्या छातीत असं काही हललं की त्याला पुतळ्याचा आधार घ्यावा लागला. पुतळ्याला हात लागला आणि पहारेकरीण तीरासारखी आली. "काका, बाहेर चला. खिशात काय आहे?" गुंडाळी निघाली. कानस, पक्कड, हूक. बाईचे डोळे विस्फारले. "कशाला आलात इथं? कुणी ओळखीचं आहे का?"

भिंतीपलीकडे लेक होती. नुसतं नाव घेतलं असतं तरी सुटला असता. पण नाव घेतलं की ती समजणार, बाबा पुन्हा मागावर आले. मग घराचं दार तिच्यासाठी कायमचं बंद. शंकासुर मुंडी खाली घालून उभा राहिला. "कुणी नाही," म्हणाला. वरच्या साहेबानं चौकशी केली, दम भरला आणि चोरासारखं फाटकाबाहेर काढलं. आयुष्यात पहिल्यांदा त्यानं कुणाशी वाद घातला नाही.

दिवसभर तो बागेतल्या बाकावर बसून राहिला. संध्याकाळी लेकीच्या खोलीचा जिना चढला. आत दिवा होता. सवयीनं किल्ली हातात आली, कुलपापर्यंत गेलीसुद्धा. मग त्यानं ती मुठीत धरली आणि बेल वाजवली.

लेकीनं दार उघडलं. त्याच्या मुठीकडे बघितलं. "किल्ली हरवली का, बाबा?"

शंकासुरानं मूठ पाठीमागे लपवली. "तुला... कसं कळलं?"

"अडकणारं कुलूप एका दिवसात गुळगुळीत झालं, आणि माझी बोटं शिशानं काळी. दुसऱ्याच्या कुलपाला औषधपाणी करून जाणारा चोर आहे का कुठं जगात?"

"मग कुलूप का नाही बदललंस?"

"बोलावू कुणाला? माझ्या ओळखीचा कुलूपवाला एकच." ती हसली नाही. "आज पहारेकरीण सांगत होती, एक म्हातारा हत्यारांसकट सापडला. कुणाचा कोण विचारलं, तर तोंड उघडेना. मी म्हटलं, माझे वडील आहेत ते."

त्याला हुंदका आवरेना. तिनं चहा टाकला. दोन कप पुढ्यात ठेवत म्हणाली, "आणि हे दोन्ही माझेच आहेत. सकाळचा एक, रात्रीचा एक. धुवायचा कंटाळा येतो."

"खरंच?" निसटलंच त्याच्या तोंडून. लेकीनं असं बघितलं की त्यानं मुकाट्यानं बशीत चहा ओतला.

जाताना त्यानं किल्ली टेबलावर ठेवली. ती "असू द्या" म्हणाली नाही. तिनं ती उचलली आणि आपल्या जुडग्यात घातली. दारात मात्र म्हणाली, "आईला सांगा, रविवारी येते."

मागे दार लागलं, आतून कुलूप फिरल्याचा आवाज आला. झटका मारून बघायला शंकासुराचा हात वर गेला. जरा वेळ तसाच हवेत राहिला. मग त्यानं तो रिकाम्या खिशात घातला आणि जिना उतरू लागला.