कीबोर्डवरचा झेंडू

शमीम गेल्याचं कळलं तेव्हा मी सातवीला कविता शिकवत होते. शिपाई दारात येऊन उभा राहिला. एरवी सूचनेची वही पुढे करणारा माणूस आज रिकाम्या हाताने आला होता. मी खडू ठेवून बाहेर गेले. साधा ताप म्हणून ती रजेवर होती. दुपारी तिच्या पनवेलच्या घरी बायकांमध्ये जाऊन बसले. पुरुष तिला घेऊन गेले आणि आम्ही बायका नुसत्या दाराकडे बघत राहिलो. त्याला आता दोन-अडीच महिने झाले, पण माझं मन थाऱ्यावर नाही.

कोन गावाजवळच्या आमच्या शाळेत शमीम विज्ञान शिकवायची. कुणीतरी देणगीत कॉम्प्युटर दिले, तेव्हा शाळेने त्यांचं अगदी देवघर करून टाकलं. चपला बाहेर, खिडक्यांना पडदे, यंत्रांना शिवून घेतलेली कव्हरं आणि किल्ली मुख्याध्यापकांच्या खिशात. खंडेनवमीला खोली उघडायची, हळदकुंकू आणि झेंडू वाहायचे, पेढे वाटायचे की पुन्हा कुलूप. पहिल्या वर्षी फुलं शमीमनेच पनवेलच्या बाजारातून आणली होती. पूजा झाल्यावर ती म्हणाली, "सर, ही अवजारांची पूजा ना? आपल्या मुलांचे वडील कोयत्याची पूजा करतात, पण वर्षभर तो चालवतात तरी."

"बाई, मोडलं तर भरून कोण देणार?" सर म्हणाले. आमच्या शाळेत कुठल्याही नव्या गोष्टीला हेच उत्तर असतं.

पण शमीम पिच्छा सोडणारी नव्हती. शेवटी एक कॉम्प्युटर पदरात पाडून घेतलाच. प्रयोगशाळेतल्या चाकांच्या टेबलावर तो बसवला, ऑफिसच्या खिडकीतून इंटरनेटची निळी वायर बाहेर काढली आणि स्वतः स्टुलावर चढून, व्हरांड्याच्या भिंतीला खिळे ठोकत सातवीच्या वर्गापर्यंत आणली. ओढणी कमरेला खोचलेली, तोंडात दोन खिळे, आणि खाली मी स्टूल धरून तिला शिव्या घालतेय...

तरी घोडं अडलंच. साइटचे ते लांबलचक इंग्रजी पत्ते मुलांना टाइप करता येईनात. एक अक्षर चुकलं की पान उघडत नसे आणि त्यातच तास संपे. तेव्हा शमीमने एक चित्रांचं पान तयार केलं. बेडूक, ज्वालामुखी, चंद्र, हृदय. चित्रावर क्लिक केलं की थेट पाहिजे ती साइट. पहिल्यांदा तिने दर्शनाला पुढे बोलावलं. दर्शना म्हणजे वर्गातली सर्वांत बुजरी मुलगी. तिचे बाबा खाडीत मासेमारी करतात.

"बाई, मी हात लावू? मोडनार नाय ना?"

"मोडलं तर मी आहे ना! लाव बिनधास्त."

पडद्यावर हृदय धडधडायला लागलं. दर्शनाचा एक हात माउसवर होता, दुसरा तिने नकळत स्वतःच्या छातीवर ठेवला. शमीमने माझ्याकडे बघून भुवया उडवल्या. असा आनंद मी आमच्या शाळेत फार कमी पाहिलाय.

रोज प्रार्थनेआधी येऊन ती एकेक चित्र उघडून बघायची. "सुनंदाताई, ही पानं न सांगता गायब होतात," म्हणायची. "रोज बघावं लागतं." आणि गायब झालेल्याच्या जागी दुसरं शोधून जोडायची.

ती गेल्यावर मी हट्टाने ते टेबल वर्गात नेलं. बेडूक उघडला नाही. मग चंद्रही नाही. ते कुठून दुरुस्त करायचं हेच मला कळेना. मुलांपैकी एकानेही दंगा केला नाही, आणि त्याचंच मला रडू आलं. पुढच्याच आठवड्यात टेबल कुलपात गेलं. खंडेनवमीला सर म्हणाले, "शमीमबाईंच्या कॉम्प्युटरला मोठा हार घाला." अगदी मनापासून म्हणाले. मला मात्र ओरडावंसं वाटलं.

दिवाळीच्या सुट्टीनंतर किल्ली मागून घेतली आणि दर्शनाला घेऊन खोलीत गेले. आम्ही दोघींनी चपला बाहेर काढल्या. कव्हराखाली हार तसाच होता, सुकून काळा पडलेला. दसऱ्याची सुट्टी संपली की फुलं काढून कॉम्प्युटर चालू करायचं काम शमीमचं असायचं. या वर्षी ते कुणाच्या ध्यानातही आलं नाही.

"बाई, फुला काडू?" दर्शनाने विचारलं.

कीबोर्डच्या फटींत अडकलेल्या पाकळ्या ती नखाने एकेक काढत राहिली. सगळ्या काढून झाल्यावर तिचं बोट बटणाजवळ गेलं आणि थांबलं.

"चालू करू? मोडनार नाय ना?"

शमीमचं उत्तर मला पाठ होतं. मोडलं तर मी आहे ना! लाव बिनधास्त.

"थांब," मी म्हणाले, "सरांना विचारून येते."

दर्शनाने हात मागे घेतला.