नातवाचं नाव सारस

बाळाचं नाव बारशाआधी बोलायचं नाही, अशी आमच्याकडे रीत. आत्या पाळण्यात वाकून ते कानात सांगते, तेव्हाच सगळ्यांना कळतं. माझ्या मुलाला तेवढा धीर निघाला नाही. बारशाच्या सकाळीच तो मला म्हणाला, "बाबा, सारस ठेवून राह्यलो. सरस् म्हणजे तळं, तळ्यावर राहते तो सारस. आन् दुसरं कारण तुम्हीच."

"मी काहून?"

"आई गेल्यावर तुम्ही एकटेच राह्यले ना. जोडी तुटली का सारस दुसरी करत नाही."

बायको जाऊन चार वर्षं झाली. हट्टा गावच्या एका विधवा शिक्षिकेशी माझं लग्नाचं बोलणं चाललं होतं. बारसं उरकलं की घरी सांगतो, असं मी तिला कबूल केलं होतं.

वैनगंगेकाठी दर उन्हाळ्यात सारस पक्षी मोजतात, तेव्हा मीही जातो. आमच्या धानाच्या बांधीतली एक मादी विजेच्या तारेला लागून मेली. तिचा नर एका पायाने लंगडा, त्यामुळे ओळखू यायचा. दोन मोजण्यांना तो एकटा दिसला, तिसऱ्या खेपेला सोबत दुसरी होती. सगळ्या सारसांचं मला माहीत नाही, पाहिलं तेवढं मुलाला सांगितलं.

तो हसला. "असन एखादा नालायक!"

मी उठून पेढे आणायला निघालो.

दुपारी पाळण्याभोवती बाया जमल्या. माझी मुलगी बाळाच्या कानाशी वाकली.

"थांब बेटा," मी म्हणालो.

तोवर कुर्रर्र झालं होतं आणि बाया तिची पाठ बडवत होत्या. मार चुकवत ती ओरडली, "आता थांबून का करू बाबा? सांगून टाकलं!"

सून तिच्या हिंदीत सगळ्यांना सांगू लागली, "पापाजी के ऊपर रखा है." शेजारच्या काकूंनी माझ्याकडे पाहून डोळ्यांना पदर लावला. मी पेढे वाटत राहिलो.

संध्याकाळी हट्ट्याला फोन लावला. मुलीने मोबाइलवर टाकलेला फोटो तिथे पोचला होता, खाली नावाचा अर्थ आणि माझं कौतुक.

"घरी सांगितलं?" तिने विचारलं.

"नाही."

"मग आता राहू द्या."

तिने बाळाचं वजन विचारलं. तीन किलो दोनशे, मी सांगितलं.