डागाळलेली साल

बोरगावच्या त्या माणसाचं नाव मी विचारलं नाही. त्याच्या संत्र्याच्या बागेचा सौदा करायला गेलो होतो. हातगाडीपासून व्यापारी झालो तो फळात खोट काढूनच. तपकिरी डागाचं एक संत्रं तोडून मी ओरडलो, "हे पाहा, कोळी कीड लागली! माल आतून सडून राहिला, अर्ध्या भावातही कोणी नाही घेणार."

तो वाद घालेना. संत्रं घेऊन घरात गेला, मी मागोमाग. खिडकीशी सूक्ष्मदर्शक होता. नखाने सालीचा कपटा काढून त्याने काचेवर ठेवला, चष्मा कपाळावर चढवला, चकती सावकाश फिरवली आणि मला जागा दिली. सालीवर इवलासा पिवळट जीव रांगत होता.

"पाह्यलं ना, भाऊ? तो सालच खाते. आतल्या फोडीले शिवत नाही," म्हणत त्याने तेच संत्रं सोलून अर्धं माझ्या हातावर ठेवलं. गोड होतं.

हे मला वीस वर्षं ठाऊक होतं. त्याने खोटारडा म्हटलं असतं, तर भांडून बाग मिळवली असती. त्याने फोडी दिल्या. बाग सोडून आलो.

अजूनही डागाचं फळ धरून ओरडतो, पण आधी समोरच्याच्या खिडकीकडे पाहून घेतो.