साहेबराव राम राम घेत नाहीत

देवगाव रंगारीच्या साहेबरावांचं शहरात गुलमंडीजवळच्या गल्लीत लग्नपत्रिकांचं दुकान आहे. दिवसभर संगणकासमोर बसून लोकांची भावकी पत्रिकेत बसवायची, हे त्यांचं काम. चुलत्याचं नाव मामाच्या खाली गेलं तर लग्न मोडत नाही, पण मांडवात काठ्या निघतात. त्यामुळे साहेबराव पडद्यावर साप बसल्यासारखे टक लावून बघत. संध्याकाळी डोळ्यांची आग आग व्हायची.

एका चष्मेवाल्यानं, पडद्यातून येतो तो हाच म्हणत, कागदावर निळा प्रकाश पाडून दाखवला, मध्ये काच धरली आणि तो ठिपका गायब केला. साहेबराव हरखले. स्वतःसाठी तसला चष्मा घेतलाच, शिवाय गावाकडं दिवसभर मोबाइलवर शंकरपटातल्या बैलांच्या शर्यती बघणाऱ्या धाकट्या भावाला, सुदर्शनलाही एक धाडला.

डोळ्यांची आग कमी झाली हे खरं. त्या काचेवर बोटांचे ठसे फार उठायचे. साहेबराव घडीघडी चष्मा काढून सदऱ्याला पुसत आणि तेवढा वेळ रस्त्यावरची गंमत बघत. विश्रांती मिळाली डोळ्यांना, कौतुक झालं काचेचं.

मग चष्मा दोषाचाही धनी झाला. कोपरानं चहाचा ग्लास लवंडला, दाराची चौकट खांद्याला लागली, बाजूनं आलेला स्कूटरवाला आईवरून बोलून गेला, की साहेबराव म्हणत, "नवा चष्मा आहे. अंदाज यायचाय अजून." चष्म्याच्या काड्या झिजल्या, तरी तो नवाच राहिला.

पण लोकांनी मनावर घेतलं ते वेगळंच. साहेबराव राम राम घेईनासे झाले. समोरून केला तर हात जोडत, बाजूनं केला तर सरळ पुढे निघून जात. आपल्याकडे माणूस उधारी विसरतो, न घेतलेला राम राम विसरत नाही.

शेंद्र्याच्या एका लग्नात ते टोकाला गेलं. पत्रिका साहेबरावांनीच छापलेली. नवऱ्या मुलाचे मामा, धोंडिबा, साहेबरावांच्या मानाची टॉवेल-टोपी घेऊन वाटेच्या कडेला उभे होते. डीजे दणाणत होता. साहेबराव हातभर अंतरावरून गेले, मान वळली नाही. धोंडिबांचा हात तसाच राहिला.

"वहिनी," ते मागून येणाऱ्या साहेबरावांच्या बायकोला, तनुजावहिनींना म्हणाले, "चष्मा लागल्यापासून भाऊ लई माजले व्हय?"

वहिनी हसल्या. दोन पावलं गेल्यावर त्यांचं हसू विरलं. हा शब्द त्यांनी सासरी ऐकला होता. सासरे तात्यासाहेब म्हातारपणी कुणाचा राम राम घेत नसत. म्हातारा माजला, असं गाव म्हणायचं. मग ते ताटातली भाकर चाचपायला लागले, तेव्हा गाव म्हणालं, वय झालं.

जेवणाच्या पंगतीत त्या साहेबरावांच्या बाजूला बसल्या आणि समोर बघायला सांगून त्यांच्या कानाजवळ बोटं हलवली. मग हात थोडा पुढे आणला. आणखी पुढे आणला.

"अहो, काय दिसतंय?"

"श्रीखंड," साहेबराव म्हणाले.

दुसऱ्या दिवशी त्या त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेल्या. बाईंनी बऱ्याच तपासण्या केल्या.

"हा चष्मा कमी पडतोय का?" साहेबरावांनी विचारलं.

"डोळ्यांच्या थकव्यावर त्याचा उपयोग होतो, असं अभ्यासात दिसलेलं नाही," बाई म्हणाल्या. "पडद्याकडे बघताना पापण्या लवायच्या राहतात, म्हणून आग होते. मधूनमधून लांब बघत जा. पण तुमचं दुखणं निराळं आहे. काचबिंदू. कडेची नजर गेली आहे आणि गेलेली परत येत नाही. उरलेली थेंब घालून राखायची. घरात कुणाला होता?"

वहिनी म्हणाल्या, "सासऱ्यांना असावा."

"मग भावंडांना तपासून घ्या. हा आजार बोलत नाही."

बाहेरच्या बाकावर बसून साहेबरावांनी सुदर्शनला फोन लावला.

"डोळे कसे आहेत रे?"

"एकदम झकास. तुमचा चष्मा लई भारी हाय दादा. लोकच बिघडलेत इथं."

"का? काय झालं?"

"काय नाय," सुदर्शन हसत म्हणाला. "म्हणतेत, मी माजलो."